पाचवा प्रश्न

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या कॉलेजात बाकांवर बैठक क्रमांक टाकायला घेतात. शिंदेमामा, आमचे सगळ्यात जुने शिपाई, एका हातात यादी आणि दुसऱ्या हातात खडू घेऊन वर्गावर्गातून फिरतात. खडू लाकडावर घासल्याचा तो कोरडा आवाज व्हरांड्यातून आला की मला कळतं, परीक्षा आली. कॅलेंडर बघावं लागत नाही.

तीस वर्षं मी भूगोल शिकवते आहे, आणि परीक्षेचे दिवस माझ्याकडे नेहमी कानांवाटे आले आहेत. पंख्याची करकर. पुरवण्या बांधताना दोरा ओढल्याची सळसळ. मागच्या कडुलिंबावरचा कोकीळ, ज्याला पेपर सुरू झाल्यावरच कंठ फुटतो. व्हरांड्यातल्या माठावर कुणीतरी उपडा ठेवलेला पेला, आणि खालच्या गल्लीतून जाणाऱ्या कैरीवाल्याची हाक. एके वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकात मी या आवाजांवर एक छोटा लेख लिहिला होता. लोकांना आवडला होता. प्राचार्यांनी स्वतः उठून येऊन कौतुक केलं होतं. तो अंक आता मी घरच्या कपाटात मागच्या बाजूला ढकलून ठेवला आहे. ज्या वर्षीच्या परीक्षेवर तो लेख होता, त्याच वर्षी, त्याच वर्गात, शेवटच्या बाकावर प्रणिता बसली होती, आणि मी जे जे कौतुकानं लिहिलं त्यातलं तिला काहीही ऐकू येत नव्हतं.

प्रणिता जन्मापासून बहिरी. दहावीपर्यंत मूकबधिरांच्या शाळेत शिकली, मग बारावी बाहेरून देऊन आमच्याकडे बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आली. फुरसुंगीहून यायची, दोन बस बदलून. पहिल्या दिवशी तिची आई सोबत होती. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. स्टाफरूमच्या दारात उभं राहून म्हणाली, "मॅडम, तिला ऐकू येत न्हाई, पर बघून समदं कळतंय. तेवढं तिला दिसंल असं बोला."

मी म्हणाले, "हो हो, काळजी करू नका."

हे 'हो हो' मला फार सहज येतं. पुण्यात ते आपण लोकांना लवकर वाटेला लावण्यासाठी म्हणतो.

त्या वर्षीची परीक्षा लख्ख आठवते. पहिल्या वर्षाची परीक्षा कॉलेजच घेतं, पेपर आम्हीच काढतो, आम्हीच तपासतो. भूगोलाच्या दिवशी पर्यवेक्षण माझ्याकडे आलं. अकराला पेपर सुरू झाला आणि साडेअकराच्या सुमाराला शिंदेमामा एक चिठ्ठी घेऊन आले. प्रश्न पाचवा अभ्यासक्रमाबाहेरचा निघाला होता, म्हणून तो रद्द. त्याऐवजी सहाव्यातले दोन्ही उपप्रश्न सोडवायचे. खाली अधोरेखित करून लिहिलं होतं : सूचना फळ्यावर लिहावी.

फळ्यापाशी खडू नव्हता. मी मामांना म्हटलं, "जरा खडू आणून द्या." ते हो म्हणाले आणि उरलेल्या वर्गांच्या चिठ्ठ्या घेऊन पुढे गेले. मी सूचना मोठ्यानं वाचली. मग पुन्हा एकदा वाचली. माझा आवाज चांगला आहे, शेवटच्या बाकापर्यंत पोचतो असं सगळे म्हणतात. खडू आला नाही. मीही पुन्हा मागितला नाही. खिडकीशी उभी राहून कोकीळ ऐकत राहिले, आणि लेखाचं पहिलं वाक्य मला तिथेच सुचलं.

उत्तरपत्रिका तपासायला घरी आल्या. नावं झाकलेली, फक्त आकडे. एका उत्तरपत्रिकेत पाचवा प्रश्न सोडवलेला निघाला. चुनखडीच्या प्रदेशातली भूरूपं. आम्ही ते त्या वर्षी शिकवलंच नव्हतं, म्हणजे लिहिणाऱ्यानं ते ग्रंथालयात बसून वाचलेलं असणार. गुहेची आकृती काढली होती, वरून लोंबणारे आणि खालून वाढणारे लवणस्तंभ, एकेकाला बारीक अक्षरात नावं. एका कोपऱ्यात पाण्याचा थेंबसुद्धा. सहाव्यातला मात्र एकच उपप्रश्न सोडवला होता. मी लाल पेनानं त्या दीड पानावर तिरकी रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'सूचना ऐकायला शिका.'

मला ते वाक्य आवडलं होतं, हेही सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ते इतिहासाच्या कुलकर्णीबाईंना वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी हसलो.

मेच्या अखेरीला निकाल लागला. एका दुपारी प्रणिता स्टाफरूममध्ये आली. हातात उत्तरपत्रिकेची झेरॉक्स होती. लाल शाई झेरॉक्समध्ये काळी झालेली. त्या वाक्यावर तिनं बोट ठेवलं, मग माझ्याकडे बघून हातांनी काहीतरी सांगायला लागली. माझ्याकडे बोट, तोंडापासून पुढे नेलेलं बोट, स्वतःकडे बोट, हलवलेला हात, आणि शेवटी उघडा पंजा हवेत किंचित फिरवलेला. तेच पुन्हा. तेच तिसऱ्यांदा. कपाळावर आठ्या आणि डोळे भरलेले.

मला वाटलं, ती माफी मागते आहे.

चुकून रद्द झालेला प्रश्न सोडवला, आता वाईट वाटतंय, असा माझा समज झाला. मी हसून तिच्या खांद्यावर थोपटलं. "ठीक आहे, ठीक आहे. पुढच्या वेळी लक्ष दे." मग तिनं झेरॉक्सची घडी घातली, फार नीट, चार पदरी, आणि गेली. पुढच्या वर्षी ती वर्गात नव्हती. नव्वद मुलांच्या वर्गात एक जण नसणं कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्याही आलं नाही.

मी खुणांची भाषा शिकायला गेले ते तिच्यासाठी, असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. तसं झालं नाही. गेल्या वर्षी जानेवारीत कॉलेजला एक पत्र आलं, प्रत्येक विभागातून एका शिक्षकानं सांकेतिक भाषेचा प्राथमिक वर्ग करावा. आमच्या विभागात कुणी तयार होईना. मला बढतीसाठी एक प्रमाणपत्र कमी पडत होतं. मी नाव दिलं.

दर रविवारी सकाळी लक्ष्मी रोडच्या मागच्या एका शाळेत, लहान मुलांच्या बाकांवर आम्ही पंधरा मोठी माणसं गुडघे दुमडून बसायचो. शिकवायला निखिल सर होते, तिशीचे, स्वतः बहिरे. पहिल्या दिवशी दुभाषी होती. दुसऱ्या रविवारपासून तीही नाही. वर्गात शब्द काढायचा नाही हा नियम. सर हसतमुख, पण सूट कुणाला नाही. माझी बोटं पेनाला आणि खडूला सरावलेली, ती वेगवेगळी हलायलाच तयार नव्हती. त्याहून वाईट माझा चेहरा. सरांनी फळ्यावर लिहिलं, 'चेहरा म्हणजे व्याकरण', आणि भुवया, गाल, ओठ अशी एकेका अवयवाची कामं समजावली. प्रश्न विचारताना कपाळ बोललं पाहिजे. माझं कपाळ बोलेना. तीस वर्षं वर्गापुढे चेहरा सपाट ठेवून टोमणे मारण्यात मी नाव कमावलं होतं. सर माझ्यासमोर उभे राहायचे, स्वतःच्या भुवया बोटांनी वर करून दाखवायचे, आणि अख्खा वर्ग आवाज न करता हसायचा. शेजारी बसणारी नर्सिंगची मुलगी माझ्यापेक्षा चौपट वेगानं शिकत होती. घरी आरशासमोर सराव करताना ह्यांनी एकदा विचारलं, "दात दुखतोय का?"

पाचव्या की सहाव्या रविवारी प्रश्न शिकवले. मराठीत आपण मधेच कुठेतरी 'का' घालतो. या भाषेत प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येते. आधी सगळं सांगायचं, मग शेवटी पंजा उघडायचा आणि फिरवायचा. सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि आम्हाला करायला सांगितलं. मला वाटतं, 'तू काल आला नाहीस, का?' असं काहीतरी सोपं होतं. मी केलं. माझ्याच हातानं तो पंजा हवेत फिरवला.

आणि मला ती दुपार दिसली.

तुम्ही. सांगणं. मला. नाही. का.

इतक्या वर्षांपूर्वी पाहिलेल्या खुणा मला क्रमानं, जशाच्या तशा आठवल्या. तेव्हा त्यांचा अर्थ कळला नव्हता. आता आपोआप लागत गेला. 'तुम्ही मला का सांगितलं नाहीत?' एवढंच ती विचारत होती, तीनदा विचारत होती, आणि मी तिला थोपटून क्षमा केली होती. मी बाकावर बसून राहिले. सरांनी येऊन विचारलं, बरं नाही का? मी मान हलवली. खरं सांगण्याइतकी भाषा मला येत नव्हती, ही सबब त्या दिवशी मला फार उपयोगी पडली.

कॉलेजच्या जुन्या अर्जावरचा फोन नंबर मिळवायला दोन दिवस लागले, लावायला तीन आठवडे. रोज ठरवायची आणि रोज काहीतरी काम निघायचं. पर्यवेक्षणाची वेळापत्रकं, तोंडी परीक्षा, उन्हाळी वाळवणं. शेवटी एप्रिल लागल्यावर लावला. आईनं उचलला.

"कोन? कालेजातल्या मॅडम?" तिला आनंदच झाल्यासारखा वाटला. "हाय की, बरी हाय. कामाला जाती. हडपसरला चष्म्याच्या काचा करत्यात, तितं. तिच्यासारख्या चार-पाच जनी हायत्या."

मी विचारलं, शिक्षण पुढे का केलं नाही.

"आवो, तिचे वडील म्हनले व्हते, नापास झाली तर बास. त्यांचं बी काय चुकलं न्हाई, दोन बसा बदलून जायाची, जिवाला घोर. तिला टीचर व्हायाचं व्हतं, तिच्यासारक्या पोरांची. नऊ मार्कानी गेली." मग म्हणाली, "तुमचा काय इलाज व्हता त्याला."

पाचवा प्रश्न सोळा गुणांचा होता. त्याच्या जागी आलेला उपप्रश्नही सोळाचाच. माझा इलाज फक्त एक खडू मागण्यापुरता होता, हे मी तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी हडपसरच्या बसमध्ये बसले. ऊन इतकं की खिडकीच्या गजाला हात लागत नव्हता. मी मांडीवर पर्स आडवी ठेवून तिच्या आड सराव करत होते. सहा वाक्यं फोन लावण्याआधीच तयार केली होती. निखिल सरांकडून त्यातली अवघड दोन दुरुस्त करून घेतली होती, कशासाठी ते न सांगता. शेजारच्या आजी बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "संधिवात का हो?" मी 'हो हो' म्हटलं.

चारला कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाची सुट्टी झाली. टपरीपाशी निळे अंगरखे घातलेल्या बायकांचा घोळका आला, आणि त्यात ती दिसली. अंगानं भरली होती, केस आखूड कापलेले, बोटांच्या पेरांत काच घासल्याची पांढरी पूड. तिनं मला लगेच ओळखलं. चेहऱ्यावर आश्चर्य आलं, पण राग मला दिसला नाही. मी तो शोधत होते.

मी सुरुवात केली. पहिलं वाक्य, मी तुमची भाषा शिकते आहे, बरं गेलं. तिचे डोळे मोठे झाले. दुसऱ्या वाक्याला माझी बोटं अडकली. माफीची खूण मी चुकीची केली, पुन्हा केली, पुन्हा चुकली. तिनं पुढे होऊन माझं मनगट धरलं, हात जरा खाली घेतला, बोटं सरळ केली, आणि हनुवटीनं खुणावलं, आता कर. मी केली. तिनं मान डोलावली. बरोबर आहे म्हणून. माफ केलं म्हणून नव्हे, हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं.

"कशाची माफी?" तिनं विचारलं.

"परीक्षा," मी हातांनी म्हटलं. "मी सांगितलं नाही."

ती विचारात पडली. मग तिनं विचारलं ते मला कळलं नाही. तिनं पुन्हा केलं, सावकाश. तरीही नाही. मग तिनं फोन काढला आणि त्यावर लिहून माझ्यापुढे धरलं.

'कधी? कुठल्या वेळी?'

मला वाटलं, तिला आठवत नाही. मी तिच्या फोनवर घाईघाईनं लिहिलं : भूगोलाचा पेपर, पाचवा प्रश्न, रद्द झाला होता, मी फक्त तोंडानं सांगितलं, आणि नंतर तुझ्या पेपरवर लाल पेनानं लिहिलं. ती वाचत गेली आणि तिच्या चेहऱ्यावर ओळख आली. "हां, ते," अशी तिनं मान हलवली. मग लिहिलं, 'ते आठवतं. पण तुम्ही वर्षभर सांगितलं नाही ना मॅडम. मला वाटलं दुसरं काहीतरी नवीन आहे.'

फाटकाच्या भिंतीला टेकून मी ते दोन-तीनदा वाचलं. सात वर्षांपूर्वीचा एक दिवस, एक चिठ्ठी, एक खडू, असा माझ्या अपराधाचा नकाशा मी आखून आणला होता, आणि त्यासाठी सहा वाक्यं पाठ केली होती. तिच्या बाजूनं तसा एक दिवस नव्हताच. सहल कधी आहे, तास कुठे होणार, कुठला धडा वगळला, सगळे कशाला हसले. हे सगळं मी रोज माझ्या चांगल्या आवाजात सांगत होते आणि ती, परीक्षेत शेवटी बसवलेली असली तरी एरवी वर्गात पहिल्या बाकावर बसून, शेजारणीच्या वहीत डोकावत होती. मी तिची वही कधी पाहिली नव्हती. चुनखडीच्या गुहा ती ग्रंथालयात एकटी का वाचत होती, हेही तेव्हा लक्षात आलं. वर्गातलं तिला मिळतच नव्हतं. जे छापलेलं सापडेल ते सगळं ती वाचून काढत होती.

मी लिहिलं, 'तू तेव्हा भांडायला हवं होतंस.'

तिनं उत्तर लिहिलं नाही, हातांनी दिलं, आणि ते एवढं सोपं होतं की मला पहिल्या खेपेलाच समजलं. "भांडले. तुम्ही हसलात."

तेवढ्यात तिच्या तिघी मैत्रिणी चहाचे पेले घेऊन आल्या. त्याही बहिऱ्या. माझ्याकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या, कोण ही? प्रणितानं माझी ओळख करून दिली. तिनं शिक्षकाची खूण केली, ती मला येत होती. मग उजव्या हाताची मूठ वळून डोक्याच्या मागे, मानेच्या वर टेकवली. मैत्रिणींनी तीच मूठ तशीच मागे टेकवून पाहिली, माझ्याकडे बोट केलं, आणि खळखळून हसल्या. हसण्याचा आवाज मात्र येत होता.

निखिल सरांनी शिकवलं होतं. या समाजात प्रत्येक माणसाला खुणेचं एक नाव मिळतं. ते आपलं आपण घ्यायचं नसतं, कुणीतरी बहिऱ्या माणसानं आपल्याला बघून द्यायचं असतं. आमच्या वर्गात नर्सिंगच्या मुलीला तिच्या गालावरच्या खळीचं नाव मिळालं होतं. मला मिळालं नव्हतं, आणि त्याचं मला थोडं वाईटही वाटत होतं. म्हणजे इतकी वर्षं माझं एक नाव होतं, फुरसुंगी-हडपसरच्या या मुलींमध्ये, आणि ते मला ठाऊक नव्हतं. मी हात मागे नेऊन अंबाड्याला लावला. कॉलेजात लागल्यापासून मी अंबाडाच घालते, पाच आकडे, चापूनचोपून. मला छान वाटलं. मी तशीच मूठ करून दाखवली आणि हसले. सगळ्या पुन्हा हसल्या. घंटा झाली, टपरीवरच्या इतर बायका उठल्या, आणि त्यांना बघून या चौघीही उठल्या. प्रणितानं फोन खिशात टाकला, मला हात केला आणि फाटकातून आत गेली. माफीबद्दल ती काही बोलली नाही.

परतीच्या बसमध्ये उभं राहावं लागलं. माझ्यापुढे एक तरुण मुलगी उभी होती, तिचाही अंबाडा होता, वर मोगऱ्याचा गजरा. मगरपट्ट्यापासून ते थेट स्वारगेटपर्यंत मी तोच बघत होते. तिचा चेहरा मला एकदाही दिसला नाही. कुठल्यातरी सिग्नलला बस थांबलेली असताना माझ्या ध्यानात आलं, की अंबाडा समोरून दिसत नाही.

मला फळ्याकडे तोंड करून शिकवायची सवय आहे. नकाशा काढत काढत बोलायचं, हात चालू, तोंड चालू, पाठ वर्गाकडे. वर्षभर त्या मुलीनं माझं जे पाहिलं, तेच नाव तिनं ठेवलं.

घरी आल्यावर केस सोडले. ते कापून टाकावेत असं त्या संध्याकाळी फार वाटलं. ह्यांना म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "उन्हाळा आहे, बरं वाटेल."

कापले नाहीत. निखिल सरांच्या वर्गात आता माझी दुसरी पायरी चालू आहे, आणि नव्या माणसाला ओळख सांगताना मी डोक्यामागे मूठ टेकवते. लोक म्हणतात, छान नाव आहे, कुणी दिलं? माझ्या एका विद्यार्थिनीनं, एवढं सांगते. पुढचं विचारलं तर तेही सांगते. ते नाव तिनं दिलेलं आहे. काढायचं असेल तर तिनंच काढावं.